सावळेराम वाइनला श्वास घेऊ देतो

एका गावात एक भोळा पंक्चरवाला होता. त्याचं नाव सावळेराम. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, पण ती अधूनमधून भोळी असतात. सावळेराम सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत भोळा होता. झोपेतही फारसा फरक पडत नसावा, असं त्याची बायको हौसा म्हणायची.

सांगितलेलं काम करावं तर सावळेरामानेच. एकदा हौसा पाणी आणायला निघाली आणि जाताजाता म्हणाली, "जरा दाराकडं बघा." ती परत आली तेव्हा शेजाऱ्याची शेळी परसातून घरात शिरून परातीतलं पीठ खात होती. सावळेराम शेळीकडे पाठ करून बसला होता.

"अहो, एवढी शेळी दिसली नाही तुम्हाला?"

"दारातून कोणी आलं नाही," सावळेराम म्हणाला. "मी बघत होतो."

भोळेपणाला जोड होती घाईची. चहा तो असा प्यायचा, की जिभेची आणि चहाची कधी नीट ओळखच झाली नव्हती. सकाळच्या एसटीसाठी तो पहाटेपासून फाट्यावर उभा असायचा. आणि हवा भरायचा पंप कायम बरोबर. बाजाराला पंप, लग्नाला पंप. वाटेत कुणाच्या गाडीचं चाक बसलेलं दिसलं की हा धावत जाऊन हवा भरून मोकळा. मालकाला विचारायलाही थांबायचा नाही.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला सासुरवाडीला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, देवाची पूजा करून जावयाला दिवा देतात. जावई कसाही असला तरी देतात. हौसाच्या माहेराहून निरोप आला, दोघंही या, चांगले निवांत राहायला या.

हौसाचं माहेर नाशिककडचं, द्राक्षाच्या मुलखातलं. तिचा धाकटा भाऊ प्रल्हाद जरा वेगळ्या डोक्याचा. सगळं गाव खायची द्राक्षं लावत होतं, तेव्हा याने वाइनची लावली. घरामागे तळघर बांधलं, त्यात स्टीलची मोठी टाकी बसवली आणि पहिल्या वर्षीची लाल वाइन त्या टाकीत भरून ठेवली. त्याच्या आईला, म्हणजे सावळेरामाच्या सासूबाईंना, हे मुळीच पसंत नव्हतं. घरात देव आहेत आणि घरामागे हे काय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी निकाल दिला होता. ही टाकी विकली गेली तर बाग राहील. नाही गेली तर वेली उपटायच्या आणि टोमॅटो लावायचे.

आणि टाकी घ्यायला मुंबईच्या एका हॉटेलाचे सबनीससाहेब याच दिवसांत यायचे होते.

निघायच्या आधी हौसाने नवऱ्याला समोर बसवलं.

"हे बघा, लग्न झाल्यापासून आपण सुट्टी म्हणून कुठं गेलो नाही. आता जातोय. दुकानातलं काही बरोबर घ्यायचं नाही. पंपसुद्धा नाही."

"पंप नाही?"

"नाही. आणि तिथं घाई करायची नाही. सगळं सावकाश. पल्हाद जे सांगेल ते लक्षात ठेवायचं. माझ्या भावाचं सगळं त्या टाकीवर आहे हो. माझी मान खाली जाईल असं काही करू नका."

सावळेरामाचा हौसावर फार जीव होता. त्याने पंप खुंटीला टांगला. तीन-तीनदा घोकलं, घाई करायची नाही, सांगितलेलं विसरायचं नाही. मग एसटी चुकेल म्हणून धावत सुटला.

पोचल्यावर प्रल्हादाने पहिल्याच संध्याकाळी त्यांना बागेच्या कडेच्या खोलीत नेलं. खिडकीतून हिरव्या वेलींच्या रांगा दिसत होत्या. टेबलावर पांढरं कापड, त्यावर उंच दांडीचे काचेचे प्याले. प्रल्हादाने टाकीतून बाटलीत भरून आणलेली थोडीशी वाइन प्याल्यात ओतली आणि बूच लावायला वळला. परत वळला तेव्हा प्याला रिकामा होता आणि सावळेराम मिशी पुसत होता.

"कशी वाटली, दाजी?"

"गेली," सावळेराम म्हणाला.

"अहो दाजी, हे ताक आहे का? सुट्टीवर आलात ना? मग सावकाश घ्यायची. हे बघा." प्रल्हादाने दुसरा प्याला उचलला. "आधी उजेडाला धरून रंग बघायचा. मग प्याला असा गोल फिरवायचा. मग नाक घालून वास घ्यायचा. मग एवढासा घोट घेऊन तोंडात घोळवायचा. आणि मग थुंकायचा."

"थुंकायचा? आवडला तरी?"

"पुष्कळ प्रकार चाखायचे असतात, दाजी. सगळे गिळले तर चाखणाराच आडवा होईल. जाणकार माणूस थुंकतो." त्याने बाजूचं पातेलं दाखवलं. "आणि मग काय कळलं ते सांगायचं. तेही सावकाश. आधी रंग, मग वास, मग चव. वाइनचं नाव अगदी शेवटी. नाव आधी सांगितलं की सगळी मजा गेली."

सावळेरामाने करून बघितलं. उजेडाला धरलं. फिरवलं. हुंगलं. घोट तोंडात घोळवला आणि एकदम थबकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या जिभेला काहीतरी भेटलं होतं. आंबट होतं, मग तुरट झालं, मग आणखी काहीतरी येऊ लागलं. त्याने ते पूर्ण येऊ दिलं, मग पातेल्यात थुंकला.

"हौसे," तो हळूच म्हणाला, "हे बरं आहे."

हौसा हसली. तिला वाटलं, चला, आपले हे सुधारले. बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंड्याची पूजा. गुरुजी आले, देव मांडले, समई लावली. पूजा झाल्यावर सासूबाईंनी, म्हणजे सावळेरामाच्या मामींनी, पळीने सावळेरामाच्या ओंजळीत तीर्थ घातलं.

सावळेरामाला कालचं सगळं आठवत होतं. त्याने ओंजळ समईच्या उजेडाला धरली. रंग बघितला. मग ओंजळ गोल फिरवली. निम्मं तीर्थ गुरुजींच्या उपरण्यावर गेलं. मग त्याने नाक घातलं, शिंकला. उरलेलं तीर्थ तोंडात घेऊन सावकाश घोळवलं. गुळगुळ आवाज झाला. गुरुजींनी मंत्र थांबवला.

मग सावळेराम जाणकार माणसासारखा ताम्हणात थुंकला.

"रंग पांढरट," तो म्हणाला. "वास तुळशीचा. चव गोडसर, मागून थोडं तांबं लागतं. आणि नाव, तीर्थ."

सासूबाईंनी ताम्हण उचललं आणि लांब धरून परसात नेलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हौसाला झालं. तिने नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं.

"अहो, तीर्थ थुंकतात का कुणी?"

"आवडलं मला," सावळेराम म्हणाला. "आवडलं तरी थुंकायचं असतं."

"ते वाइनला! मामींच्या हातून ओंजळीत काही पडलं की लगेच गिळून टाकायचं. आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा. कळलं?"

"कळलं. मामींच्या हातून ओंजळीत पडलं की गिळायचं, हात डोक्यावरून फिरवायचा."

दुपारी पंगत बसली. जावयाला चांदीचं ताट, भोवती रांगोळी. धोंडे होते, कुरडया होत्या, आमरस होता. सासूबाई सकाळचं गिळून पुन्हा हसऱ्या तोंडाने वाढायला आल्या. केवढं मोठं मन त्यांचं. आमरसाची वाटी भरलेली होती, तरी त्यांनी पळी पुढे केली.

"घ्या जावईबापू, अजून थोडा."

वाटीत जागा नव्हती. सावळेरामाने ओंजळ पुढे केली. सासूबाई जरा थांबल्या, पण जावयाला नाही कसं म्हणणार? त्यांनी ओंजळीत आमरस घातला. सावळेरामाने तो लगेच गिळून टाकला आणि दोन्ही हात डोक्यावरून फिरवले. कपाळापासून मानेपर्यंत. भक्तिभावाने.

आमरस कानामागून ओघळला. एक माशी आली. मग तिच्या ओळखीच्या आल्या.

"अहो!" हौसा म्हणाली.

"अजून?" सासूबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं. सावळेरामाने पुन्हा ओंजळ केली.

त्याला आडावर नेऊन त्याच्या डोक्यावर बादल्या ओतताना हौसाला रडावं की हसावं कळेना. रडूच जास्त येत होतं. "अहो, जेवणाचं डोक्याला नाही लावत. पंगतीत एवढंच करायचं. समोर आलेलं टाकायचं नाही, सगळं संपवायचं. आणि कुणी टाकत असेल तर त्याला आग्रह करायचा. वाढणाऱ्याच्या जिवाला बरं वाटतं."

"टाकायचं नाही," सावळेराम साबणातून म्हणाला. "टाकणाऱ्याला आग्रह करायचा."

सबनीससाहेब आले ते त्याच दिवशी चारच्या सुमाराला. पांढरी गाडी अंगणात थांबली. साहेब उतरले ते घड्याळ बघतच. "मला लवकर निघायचंय हं. रात्री मुंबईत मीटिंग आहे. पटकन चाखतो आणि पटकन सांगतो." ड्रायव्हर चिंचेखाली चादर टाकून झोपला.

खोलीत प्रल्हादाने सगळी तयारी केली होती. हौसा मदतीला उभी होती. सासूबाई दाराशी, पदर खोचून. सावळेरामाला जावई म्हणून खुर्ची मिळाली होती.

साहेबांनी प्याला उचलला, एक घोट घेतला, घड्याळाकडे बघितलं आणि पातेल्यात थुंकले.

सावळेरामाचा जीव कळवळला. समोर आलेलं टाकलं! वाढणाऱ्यासमोर! त्याने बाटली उचलली आणि साहेबांचा प्याला काठोकाठ भरला.

"असं नका करू, साहेब. घ्या. माझी शपथ."

"अहो, बास."

"लाजू नका. पल्हादच्या जिवाला बरं वाटतं."

साहेब पुन्हा घोट घेऊन थुंकले. सावळेरामाने पुन्हा प्याला भरला. साहेबांच्या बाहीवर लाल डाग पडला. सावळेरामाने मग टेबलावरचं पातेलं बघितलं. केवढं अन्न टाकलेलं. त्याने ते उचलून तोंडाकडे नेलं, तेव्हा मात्र प्रल्हादाने झेप घातली.

"दाजी! तुम्ही जरा बाहेर फिरून या." आणि पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून तो साहेबांकडे वळला. "ही बाटली आत्ताच उघडली होती, साहेब, म्हणून चव बंद वाटत असेल. दुसरी मघाशी उघडून ठेवलीय, ती देतो. वाइनला श्वास घेऊ द्यावा लागतो. किती दिवस कोंडलेली असते. मोकळी सोडली की खुलते."

सावळेराम दारात थांबला. "कोंडलेलं असलं की मोकळं सोडायचं?"

"हो दाजी, हो. जा आता."

सावळेराम बाहेर आला. मन भरून आलं होतं त्याचं. एवढे दिवस पंक्चरचं दुकान चालवलं, पण कोंडलेल्याचा विचार कधी केलाच नव्हता. अंगणात साहेबांची गाडी उभी होती. तो तिच्याभोवती फिरला. जरा इकडे बसला, जरा तिकडे बसला. ड्रायव्हर घोरत होता. मग सावळेराम समाधानाने उठला आणि तळघराकडे गेला.

तळघरात गार होतं. मधोमध टाकी उभी. वरचं झाकण घट्ट. त्याने टाकीला कान लावला. आत काही हालचाल नाही. द्राक्षाच्या हंगामापासून आत कोंडलेली, एवढी मोठी टाकीभर, आणि बाटलीचं तेवढं कौतुक! झाकणापर्यंत हात पोचेना. पण खाली नळ होता. सावळेरामाने नळ उघडला.

"घे," तो म्हणाला. "घे बाई श्वास."

वाइन धडधडत बाहेर आली. सावळेराम बाजूला उभा राहून बघत होता. ती फरशीवर पसरली, भिंतीला टेकली, कोपऱ्यातल्या गोणपाटाखाली शिरली, परत वळून त्याच्या पायाशी आली. दारातून उन्हाची तिरीप पडली होती, त्यात तिचा रंग काय दिसत होता! त्याने वाकून वास घेतला. बोट बुडवून चाखलं. अगदी सावकाश.

घोटा बुडाला तेव्हा त्याला वाटलं, श्वास घेऊन झाला तरी ही परत आत कशी जायची? हे पल्हादला विचारायला हवं. लगेच. तो धावत पायरीपर्यंत गेला आणि तिथे त्याला हौसाचं बोलणं आठवलं. घाई करायची नाही. तो थांबला. मग एकेक पायरी शांतपणे चढला. अंगणात आला. लाल पायांनी खोलीत गेलो तर मामी रागावतील, म्हणून आडावर गेला, पाणी शेंदलं, पाय धुतले, नीट पुसले. बागेकडे जरा बघितलं. सुट्टीच होती.

खोलीत रंग चांगला नव्हता. साहेब उठायच्या बेतात होते. "वाईट नाही, प्रल्हादराव. पण असं काही खास लक्षात राहत नाही. कळवतो तुम्हाला." असं म्हटलं की कोणी कळवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रल्हादाचा चेहरा उतरला. दाराशी सासूबाई पुटपुटल्या, "टोमॅटो."

"पल्हाद," सावळेराम म्हणाला, "मला वाइनचं सांगायचंय."

"अहो, आता नको," हौसा म्हणाली. पण साहेब बाही झटकत म्हणाले, "सांगू द्या, सांगू द्या. निघता निघता ऐकतो. तुमचं काय मत, पाहुणे?"

आता निदान धड बोलू दे, असं हौसाला वाटलं. ती नवऱ्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "धडाधडा बोलू नका. पल्हादने शिकवलं तसं. आधी रंग, मग वास, मग चव."

"आणि नाव शेवटी," सावळेराम म्हणाला.

"नाव शेवटी."

सावळेराम खुर्चीवर बसला. डोळे मिटले.

"रंग," तो म्हणाला. "मध्ये काळपट आहे, पिकल्या जांभळासारखा. पण पातळ पसरली की कडेला गुलाबी होते. उन्हाच्या तिरिपेत बघावी. घाईत बघितली तर नुसती लाल दिसते."

साहेबांनी प्याला उचलून खिडकीकडे तिरपा धरला. "कडेला गुलाबी! अरे, खरंच की. मी बघितलंच नव्हतं."

"वास आधी ओल्या भिंतीचा. मग जांभळाचा. मग, कोपऱ्यात गेलं की, गोणपाटाचा."

साहेबांनी नाक घातलं. पुन्हा घातलं. "ओली भिंत... आहे हं. गोणपाट मला सापडत नाहीये. थांबा. हो! आहे!"

"चव आधी आंबट. मग तुरट. मग माणूस जायला निघतो. पण जायचं नाही. थांबलं की जिभेच्या मागे लवंगेसारखं काहीतरी येतं. ते फार उशिरा येतं. जो थांबतो त्यालाच मिळतं."

साहेबांनी घोट घेतला. घोळवला. घड्याळाकडे हात गेला आणि वाटेतच थांबला. ते खाली बसले. डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"लवंग," साहेब म्हणाले. आणि त्यांनी घोट गिळला. "मी गेली कित्येक वर्षं वाइन चाखतोय. इतका वेळ एका घोटाजवळ कधी बसलो नाही. अजून सांगा."

"गार आहे," सावळेराम म्हणाला. "आणि हट्टी नाही. उतार मिळेल तिकडे जाते."

"वा! आणि तिचा शेवट? किती टिकतो?"

"शेवट मी बघितला नाही. मी निघालो तेव्हा चालूच होती."

साहेब उठले आणि प्रल्हादाचा हात हातात घेतला. "घेतली. सगळी टाकी घेतली. माझ्या हॉटेलात येणाऱ्याला मी हेच सांगीन, बसा, थांबा, लवंग येईपर्यंत थांबा."

प्रल्हादाने साहेबांचा हात सोडलाच नाही. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "राहू दे मग बाग," त्या म्हणाल्या. हौसा नवऱ्याकडे बघत राहिली. माहेरच्या माणसांत, त्याच्यामुळे तिची मान ताठ झाली होती. लग्नानंतर पहिल्यांदा. सावळेरामाला ती नजर फार आवडली. ती पूर्ण येऊ दिली त्याने, घाई केली नाही.

"बरं, एक राहिलं," साहेब हसत म्हणाले. "आता नाव सांगा. एवढी सावकाश चाखलीत ती कुठली?"

"आपल्या तळघरातली," सावळेराम म्हणाला. "टाकीतली. नळ उघडा आहे."

कोणाला आधी समजलंच नाही. मग प्रल्हाद खुर्ची ओलांडून धावला. मागे हौसा, मागे सासूबाई, मागे साहेब. सावळेराम शेवटून, सावकाश.

प्रल्हादाने नळ बंद केला तेव्हा टाकी निम्म्याच्या खाली आली होती. तो पायरीवर डोकं धरून बसला. त्याच्या पायाशी त्याच्या पहिल्या वर्षाची निम्मी वाइन हिंदकळत होती. हौसाने नवऱ्याकडे बघितलं. ती मघाची नजर कुठल्या कुठे गेली होती.

"अहो, आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो," सावळेराम म्हणाला. त्याचा चेहरा रडवेला झाला. "तूच म्हणालीस, नाव शेवटी."

तसंच म्हणाली होती ती.

सबनीससाहेब फरशीवरच्या वाइनकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलू लागले. मग पोट हलू लागलं. "ओली भिंत!" ते म्हणाले. "गोणपाट!" आणि भिंतीला धरून इतके हसले, की सासूबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं. "प्रल्हादराव, उठा. शब्द दिला तो दिला. उरलीय तेवढी घेतो, आणि पुढच्या हंगामाची टाकीही माझी. चव तर खोटी नव्हती. फक्त तळघराला कुलूप लावा."

"किल्ली माझ्या कमरेला राहील," सासूबाई म्हणाल्या.

प्रल्हादाच्या जिवात जीव आला. हौसानेही सुटकेचा श्वास टाकला. टाकी निम्मी गेली, पण बाग वाचली, आणि आता साहेब एकदा सुखरूप गाडीत बसले की आपण सुटलो, असं तिला वाटलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ओरडलेच. "अरे बापरे! चला, पळतो. आता एक मिनिटही थांबता येणार नाही."

सगळे अंगणात आले. ड्रायव्हर गाडीपाशी उभा होता. डोळे चोळत होता. गाडीकडे बघत होता, पुन्हा डोळे चोळत होता. गाडी नेहमीपेक्षा बुटकी दिसत होती. चारही चाकं जमिनीवर पसरली होती.

सगळ्यांनी सावळेरामाकडे बघितलं.

"किती दिवस कोंडलेली होती हवा," सावळेराम म्हणाला. "मोकळी सोडली."

"पंप!" प्रल्हाद ओरडला. "दाजी, तुमचा पंप कुठंय? तुम्ही तर पंपाशिवाय कुठं जात नाही!"

सावळेरामाने हौसाकडे बघितलं. हौसाने डोळे मिटून घेतले.

"पंप घरी आहे, खुंटीला," सावळेराम म्हणाला. "सुट्टीवर कुणी पंप आणतं का?" आणि त्याने साहेबांसाठी बाज ओढून चिंचेखाली टाकली. "बसा, साहेब. कसली घाई आहे?"